मुलाखतीला जाताना काय लपवायचे?

आमच्या विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका चालते. दिवसभराची नोकरी आटोपून संध्याकाळी साडेसातला मी तिचे कुलूप उघडतो. दोन पंखे, तीन ट्यूबलाइट, सतरंज्या आणि पाच-सहा टेबले, एवढाच आमचा संसार. पूर्वी येथे बसणारी मुले पोलीस, तलाठी, रेल्वे, बँक यांच्याच परीक्षांची तयारी करीत. आजही करतात. पण सरकारी जागा आटल्या, जिथे तिथे कंत्राटी भरती आली, आणि मुले खाजगी कंपन्यांची दारे ठोठावू लागली. त्यामुळे हल्ली वेगळ्याच नोकऱ्यांची नावे कानावर येतात. त्यातलेच एक म्हणजे डिजिटल मार्केटिंग.

एका सोमवारी आमच्या गल्लीतली एक मुलगी अभ्यासिकेत आली. तिचे नाव येथे देत नाही. वडील रिक्षा चालवतात, आईचे स्टेशनजवळ पोळीभाजी केंद्र आहे, मुलगी माझ्यासारखीच बीकॉम.

"काका, शुक्रवारी मुलाखत आहे. डिजिटल मार्केटिंगची. माझी तयारी करून घ्याल का?"

मी पडलो कारकून. माझा जन्म आवक-जावक रजिस्टरात गेला. मी म्हटले, "अगं, मला त्यातले काय कळते?"

ती म्हणाली, "प्रश्न मीच लिहून आणलेत. तुम्ही साहेबासारखे विचारायचे. उत्तर कळले नाही तर सरळ कळले नाही म्हणायचे. तुम्हाला कळले म्हणजे कोणालाही कळेल!"

मुलीच्या हुशारीची मला तिथेच खात्री पटली.

वाचकांपैकी अनेकांना हे काम काय असते असा प्रश्न पडेल. पूर्वी मालाची जाहिरात भिंतीवर रंगवीत, रिक्षाला भोंगा लावून गावभर फिरवीत, दिवाळीला कॅलेंडर वाटीत. आता लोकांचे डोळे मोबाइलवर आहेत, म्हणून जाहिरातही तिथे गेली. गूगलवर आपले दुकान वर दिसावे, फेसबुक-इन्स्टाग्रामवर योग्य माणसाला योग्य जाहिरात दिसावी, किती पैसे गेले आणि किती गिऱ्हाईक आले याचा हिशेब ठेवावा, हे सारे त्या कामात येते. भिंतीच्या जाहिरातीचा हिशेब लागत नव्हता, हिचा लागतो. मला कारकुनाला ही गोष्ट फार आवडली.

पहिला प्रश्न मी विचारला, "स्वतःबद्दल सांगा."

ती घडाघडा बोलू लागली. नाव, पत्ता, वडील, आई, भावंडे, शाळा, टक्के, छंद वाचन आणि गायन. मी म्हटले, "हा तर रेशनकार्डाचा अर्ज झाला! त्यांना नोकरीसाठी माणूस हवा आहे. तू कोणते काम केले आहेस ते सांग."

"मला अनुभव नाही काका. फ्रेशर आहे."

"आणि एप्रिलमधल्या नेत्रतपासणी शिबिराची जाहिरात कोणी केली?"

ती थांबली. जयंतीनिमित्त विहारात डोळ्यांचे शिबिर होते. पोस्टर तिने बनवले, नावनोंदणीचा अर्ज तिने मोबाइलवर तयार केला. जयंती समितीने तिला जाहिरातीसाठी ६०० रुपये दिले होते. आसपासच्या चार-पाच किलोमीटरमधल्या चाळिशीच्या पुढच्या लोकांनाच दिसेल अशी फेसबुकवर तिने जाहिरात लावली. ती १२ हजार वेळा दिसली. २४० जणांनी तिच्यावर बोट दाबले, म्हणजे शंभराला दोन. एका क्लिकला अडीच रुपये पडले. ६० जणांनी नाव नोंदवले, म्हणजे एका नावाला १० रुपये. त्यातले ४१ जण प्रत्यक्ष आले. हे सारे तिच्या वहीत लिहिलेले होते. आणि ही मुलगी म्हणते, मला अनुभव नाही!

आपल्या मुलांचे असेच होते. समाजाचे काम हे काम आहे असे त्यांना वाटतच नाही. पगार नाही, नेमणूकपत्र नाही, म्हणून ते बायोडाटात येत नाही. वर्गणीचा चोख हिशेब ठेवणारा, मिरवणुकीत दोन हजार माणसांची पाण्याची सोय बघणारा मुलगा मुलाखतीत मान खाली घालून सांगतो, "सर, काही अनुभव नाही."

तिच्या एका मैत्रिणीने तिला सुचवले होते, ४१ ऐवजी २०० आले असे सांग, कोण बघायला जातो? मी म्हटले, दर पौर्णिमेला पंचशील म्हणतेस, त्यातले चौथे शील आठव. शील बाजूला ठेवले तरी व्यवहार बघ. समोरचा त्यातला जाणकार असतो. ६०० रुपयांत २०० कसे आले, असे त्याने विचारले की खोटे तिथेच गळून पडते. ४१ चा आकडा मात्र पायावर उभा राहतो, कारण त्याच्या मागची सगळी बेरीज-वजाबाकी तुला पाठ आहे.

इथपर्यंत मी बरोबर होतो. पुढे मात्र चुकलो.

मी म्हटले, "एक कर. जयंती म्हणू नकोस, विहार म्हणू नकोस. एका स्थानिक सामाजिक संस्थेचे शिबिर होते, एवढेच सांग."

"का काका?"

"खाजगी कंपनी आहे. कोण कसा बसलेला असेल, सांगता येत नाही."

तिने पिशवीतून कागद काढला. त्या पोस्टरची रंगीत प्रत होती. ती म्हणाली, "केलेले काम घेऊन या, असे त्यांनी कळवले आहे. माझ्याकडे दाखवायला हेच आहे. वर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. मग काय करू? कापून टाकू?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या दिवशी मी अभ्यासिका लवकर बंद केली.

रात्री झोप लागली नाही. २००२ सालची माझी मुलाखत आठवत राहिली. मी नुकताच पदवीधर झालो होतो. मुंबईत फोर्टमध्ये एका खाजगी कंपनीत हिशेब विभागात जागा होती. सकाळी वडिलांनी माझा शर्ट स्वतःच्या हाताने इस्त्री केला. ते महापालिकेत सफाई कामगार होते. माझ्यासाठी त्यांनी त्या दिवशीची पाळी बदलून घेतली होती. मुलाखतीत डेबिट-क्रेडिटचे सगळे बरोबर आले. मग समोरच्या गृहस्थांनी आडनाव पुन्हा विचारले, मग गाव विचारले, आणि मग सहज विचारल्यासारखे विचारले, "वडील काय करतात?"

मी म्हणालो, "महापालिकेत क्लार्क आहेत."

"कोणत्या खात्यात?"

मी अडखळलो. काहीतरी खात्याचे नाव घेतले. ते गृहस्थ हसले आणि म्हणाले, "ठीक आहे, कळवू." त्यांनी कधीच कळवले नाही. त्याचे दुःख आज उरलेले नाही. संध्याकाळी वडिलांनी विचारले, "सगळं नीट सांगितलंस ना?" मी म्हटले, "हो." २०१४ मध्ये वडील गेले. ज्या हातांनी झाडू धरून मला बीकॉम केले, त्या हातांना मी एका अनोळखी माणसासमोर नाकारले होते, ही गोष्ट त्यांना सांगायचे धैर्य मला अखेरपर्यंत झाले नाही. आणि आज मी दुसऱ्याच्या मुलीला तेच शिकवत होतो.

दुसऱ्या दिवशी मी तिला हे सारे सांगितले. ती काही बोलली नाही. पोस्टर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सर्वांत वर ठेवले, एवढेच.

आता कोणी म्हणेल, काळ बदलला, खाजगी कंपनीत जात कोण बघतो? त्यांच्यासाठी एक दाखला देतो. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी अर्ज पाठवले. शिक्षण आणि पात्रता सारखीच, फक्त नाव-आडनाव वेगळे. दलित आडनावाच्या अर्जांना मुलाखतीची बोलावणी कमी आली, मुस्लिम नावाच्या अर्जांना त्याहून कमी. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या अधिकाऱ्यांशी बोलून लिहिले की, आम्ही फक्त गुणवत्ता बघतो असे म्हणणारे अधिकारीच उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी महत्त्वाची मानतात. 'वडील काय करतात?' हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका साधा नसतो.

त्यामुळे ज्याने कधी काही लपवले असेल त्याला मी दोष देत नाही. पोटाचा प्रश्न मोठा आहे. माझे म्हणणे एवढेच की दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. आपली जात कोणाला सांगायला आपण बांधील नाही. ती विचारण्याचे नोकरीत काही कारणच नाही. पण आपले काम आणि आपली माणसे कापून टाकायची नाहीत. ती कापली की सांगण्यासारखे आपल्याजवळ उरतेच काय?

त्यानंतर तीन दिवस आम्ही नेटाने बसलो. तिची उत्तरे इथे थोडक्यात देतो, दुसऱ्या कोणाच्या मुलामुलीला उपयोगी पडतील.

'एसईओ म्हणजे काय?' हा प्रश्न हमखास येतो. तिने आधी पुस्तकातली व्याख्या म्हटली. मला कळली नाही. मग ती म्हणाली, "लोक गूगलवर काही शोधतात तेव्हा आपले पान गूगलला सापडावे, कशाबद्दल आहे ते कळावे आणि भरवशाचे वाटावे, म्हणून केलेली कामे. ही जागा पैसे देऊन मिळत नाही, कामाने मिळते. पैसे देऊन लावतात ती जाहिरात वेगळी." आणि लगेच घरचे उदाहरण दिले. आईचे पोळीभाजी केंद्र तिने गूगलच्या नकाशावर नोंदवले होते. ही नोंद फुकट असते. वेळ, फोन, खरे फोटो टाकले, गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांना उत्तरे दिली. आता अधूनमधून फोनवरून डब्यांची विचारणा होते. व्याख्येपेक्षा हे उदाहरण मोठे.

'दहा हजार रुपये दिले तर कसे खर्च कराल?' या प्रश्नाला लगेच आकडे सांगू नयेत. आधी उलट विचारावे, माल कोणता, घेणारा कोण, तो कुठे राहतो, आणि तुम्हाला फोन हवेत, नावे हवीत की विक्री? मग म्हणावे, पहिल्यांदा दोन हजारांत दोन वेगळ्या जाहिराती लावून बघेन. जिला प्रतिसाद चांगला तिच्यावर पुढचे पैसे टाकीन. दुसऱ्याचा पैसा जपून वापरण्याची वृत्ती त्यातून दिसते, आणि ती आपल्या आयांनी आपल्याला शिकवलेलीच आहे.

साधनांची नावे ताजी असावीत. गूगलच्या जाहिरात सेवेचे 'अॅडवर्ड्स' हे नाव २०१८ मध्येच बदलून 'गूगल अॅड्स' झाले. वेबसाइटवर कोण आले, किती थांबले हे मोजणाऱ्या जुन्या 'युनिव्हर्सल अॅनालिटिक्स'ने जुलै २०२३ पासून नवी आकडेवारी घेणे थांबवले, त्याजागी 'जीए-फोर' आले. रस्त्यावर मिळणाऱ्या जुन्या गाइडांत जुनीच नावे असतात. हजारो रुपयांचा क्लास लावण्याआधी गूगलचे 'स्किलशॉप' बघावे. तिथले धडे आणि जाहिरातींविषयीची प्रमाणपत्रे फुकट आहेत.

'चॅटजीपीटी लिहून देते, मग तुमची गरज काय?' असेही हल्ली विचारतात. तिचे उत्तर मला आवडले. "ते मसुदा देईल. पण त्यातला दावा खरा आहे का, आमच्या भागातली बाई असे बोलते का, हे मला बघावे लागेल. चुकले तर जाब मी देईन, मशीन देणार नाही."

एखादी गोष्ट येत नसेल तर, "हे मी अजून केलेले नाही, पण याच्या जवळचे अमुक केले आहे," असे म्हणावे. त्यात कमीपणा नाही.

'वडील काय करतात?' या प्रश्नाचे उत्तर एका दमात द्यावे, मान वर ठेवून, आणि लगेच कामावर यावे. तिने बसवलेले उत्तर असे होते: "वडील रिक्षा चालवतात. आईचे पोळीभाजी केंद्र आहे, त्याचे गूगलवरचे सगळे मीच बघते."

पगाराचे विचारले तर 'तुम्ही द्याल तो' असे म्हणू नये. त्या कामाला आसपास काय मिळते याची आधी चौकशी करावी. हातात किती येणार, भविष्य निर्वाह निधी कापणार का, कामाची वेळ कोणती, हे विचारण्यात लाज नाही. आणि नोकरी देण्यासाठी कोणी पैसे मागितले किंवा मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतो म्हणाले, तर तिथून उठावे.

शुक्रवारची मुलाखत झाली. तिच्या मते चांगली झाली. पोस्टर तिने दाखवले. त्यांनी बघितले, बाजूला ठेवले आणि कळवू म्हणाले. कळवले नाही. कारण काय, ते कळले नाही, कळणारही नाही. दुसरा कोणी जास्त अनुभवी मिळाला असेल, किंवा दुसरे काही असेल. माझा जीव खालीवर झाला. माझे ऐकून तिने फोटो झाकला असता तर? तीन आठवडे तिच्या आईच्या नजरेला नजर देणे मला जड गेले.

मग ठाण्यात एका छोट्या कंपनीत तिला बोलावणे आले. मुलाखत घेणारी बाई तरुण होती. तिने पोस्टर हातात घेऊन विचारले, "कार्यक्रम कशाचा होता?" मुलीने सांगितले, "बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त आमच्या विहारात शिबिर होते." आणि आकडे सांगितले. बाईने विचारले, "नाव नोंदवून १९ जण आले का नाहीत?"

हा प्रश्न आमच्या यादीत नव्हता. पण मुलीने शिबिरानंतर त्या १९ जणांना फोन केले होते. ती म्हणाली, "त्यांत बहुतेक घरकाम करणाऱ्या बायका होत्या. शिबिर सकाळी दहा ते एक होते आणि तीच त्यांची कामाची वेळ. ती चूक माझी. अर्जात सोयीची वेळ मी विचारलीच नव्हती. पुढच्या वेळी वेळ विचारीन आणि आदल्या दिवशी आठवणीचा निरोप पाठवीन."

पुढच्या आठवड्यात नेमणूकपत्र आले. पहिले तीन महिने चाचणीचे, पगार बेताचाच. पण लोकल पकडून ती कामावर जाते, आणि तिच्या आईने विहारात खीर वाटली.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी' तयार झाला नाही. आज आमच्या वस्तीतली मुलगी ६०० रुपयांत हव्या त्या मोबाइलवर जाहिरात पोचवते, आणि त्या खिडकीवर तिला कोणी जात विचारत नाही. नोकरीच्या खिडकीवर अजून तसे झालेले नाही. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही, आणि दार उघडेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. पण दारापर्यंत जाणारा माणूस तयारीनिशी आणि ताठ मानेने जावा, एवढे तरी आपल्या हातात आहे.

म्हणून नोकरीत असलेल्या बंधू-भगिनींना एक विनंती. महिन्यातला एक रविवार विहाराला द्या. एक टेबल आणि दोन खुर्च्या पुरतात. एका खुर्चीत तुम्ही साहेब होऊन बसा, दुसऱ्या खुर्चीत वस्तीतल्या मुलांना एकेक करून बसवा. तुमच्या ऑफिसात काय विचारतात ते त्यांना विचारा. पहिल्यांदा ती अडखळतील. ती इथे, आपल्या माणसांसमोर अडखळू द्या.

आमच्या अभ्यासिकेत आता हे सुरू झाले आहे. नवीन मुलगा आला की सुरुवात मी माझ्यापासून करतो. त्याला सांगतो, आता मी तुला प्रश्न विचारणार, पण आधी तू मला विचार. तो विचारतो, "तुमचे वडील काय करायचे?"

मी सांगतो, "महापालिकेत सफाई कामगार होते." २००२ साली द्यायचे राहिलेले उत्तर आहे ते. आता रोज देतो.

जयभीम.